किट, वही आणि ८०८५

बारावीला बायफोकल संगणकशास्त्र घेतलेल्या मुलांना विचारा, दुसऱ्या पेपरला काय काय आहे? उत्तर तयार असतं: ८०८५ मायक्रोप्रोसेसर, त्याच्या सूचना आणि प्रोग्रॅम, मग इंटेलचं एक्स-८६ घराणं, ८०५१ मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग. त्याच मुलांना पुढे विचारा, अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये एखादी संख्या बदलताना तुम्ही स्वतः पाहिली आहे का? मग मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. व्याख्या पाठ असते, आकृती झोपेतही काढता येते, 'पाच संख्यांची बेरीज' हा प्रोग्रॅम जसाच्या तसा लिहिता येतो. पण त्या प्रोग्रॅममधली तिसरी ओळ खोडली तर काय होईल, हे सांगता येत नाही. लातूर आणि नांदेडमध्ये शिकवताना हे इतक्या वेळा समोर आलं की असेंब्ली शिकायची साधनं कोणती आणि ती कोणत्या क्रमाने हाताळायची, एवढ्यापुरती तरी एक पुस्तिका मराठीत हवी असं वाटलं. ती ही.

बायफोकल म्हणजे काय हे आपल्याकडे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. राज्य मंडळाच्या या योजनेत अकरावी-बारावीचा विद्यार्थी दुसरी भाषा आणि जीवशास्त्रासारखा एक विषय सोडून त्याऐवजी २०० गुणांचा एक व्यावसायिक विषय घेऊ शकतो. इंजिनिअरिंगला जायचं ठरवलेली मुलं इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्र घेतात. म्हणजे उदगीर, निलंगा, मुखेड, देगलूर, किनवट अशा गावांतून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेला सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी इथे थेट प्रोसेसरच्या पोटात शिरते. शाळकरी वयात असेंब्ली शिकवणं ही सगळीकडची रीत नाही. आपल्याकडे ती वर्षानुवर्षं शिकवली जाते आहे, आणि ही मोठी गोष्ट आहे असं मी मानतो. दुर्दैव एवढंच की घराघरांत तिची ओळख 'मार्कांचा विषय' अशी झाली.

यात लातूर पॅटर्नचा उल्लेख टाळता येणार नाही. शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय आणि त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या शिकवण्यांनी या दुष्काळी भागातल्या मुलांना गुणवत्ता यादीत नेलं, मेडिकल-इंजिनिअरिंगची दारं उघडून दिली. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. जनार्दन वाघमारे पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. या दोन शहरांचं शैक्षणिक नातं असं जुनं आहे. पॅटर्नचा गाभा म्हणजे सराव: धडा झाला की चाचणी, चाचणी झाली की चुकांची दुरुस्ती, पुन्हा चाचणी. या पद्धतीला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. तीच पद्धत असेंब्लीसाठी अगदी योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. फक्त सराव कशाचा करायचा ते बदललं पाहिजे. छापील प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा लिहून काही साधत नाही. एकेका सूचनेनंतर रजिस्टरमध्ये काय उरलं, याचा सराव करायचा. या पुस्तिकेतलं प्रत्येक साधन मी याच एका कसावर निवडलं आहे: एका सूचनेनंतर थांबून आत काय झालं ते त्यातून दिसतं का?

असेंब्ली म्हणजे काय ते थोडक्यात. प्रोसेसरला फक्त अंक कळतात. ८० हा अंक आला की ८०८५ अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये बी रजिस्टर मिळवतो, ७६ आला की थांबतो. माणसाला हे अंक लक्षात ठेवणं जड जातं म्हणून प्रत्येकाला छोटं नाव दिलं: 'अ‍ॅड बी', 'हॉल्ट'. ही नावं म्हणजे असेंब्ली आणि नावांचे पुन्हा अंक करणारा प्रोग्रॅम म्हणजे असेंब्लर. १९४० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये कॅथलीन बूथ आणि केंब्रिजच्या एड्सॅक यंत्रावर डेव्हिड व्हीलर यांनी या वाटेची सुरुवात करून दिली. आपल्या राज्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिफ्रॅक बांधला. तो १९६० मध्ये पूर्णपणे कामाला लागला. त्याची मुख्य स्मृती होती चाळीस बिटांचे २०४८ शब्द. एवढ्याशा जागेत शास्त्रज्ञांची गणितं बसवायची तर यंत्राची भाषा नीट यावीच लागे.

'८०८५ जुना झाला, आता तो कशाला?' हा प्रश्न पालकही विचारतात आणि मुलंही. प्रश्न रास्त आहे. १९७६ साली आलेली ही चिप, चाळीस पायांची, एकाच पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारी, आत साधारण साडेसहा हजार ट्रान्झिस्टर. आजच्या मोबाईलमधल्या प्रोसेसरमध्ये ते अब्जावधी असतात. पण शिकणाऱ्यासाठी हा लहानपणाच तिचा मोठा गुण आहे. चौऱ्याहत्तर मूळ सूचना, त्यांचे २४६ कोड, चौसष्ट किलोबाइटचा पत्त्यांचा आवाका. हे सगळं एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावतं. कोणताही कोपरा अंधारात राहत नाही. एक यंत्र असं पुरतं ओळखीचं झालं की दुसरं यंत्र शिकताना भीती राहत नाही. आणि जुनं म्हणून ते खेळणं नव्हे. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीत याच ८०८५ ची कमी वीज खाणारी आवृत्ती दोन मेगाहर्ट्झवर काम करत होती.

आता साधनांकडे वळू. पहिलं साधन तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बहुधा आहेच: ट्रेनर किट. एक छापील बोर्ड, त्यावर शून्य ते एफ अशी सोळा बटणं, आणखी काही कामाची बटणं आणि वर लाल आकड्यांचा डिस्प्ले. चार घरं पत्त्याची, दोन घरं त्या पत्त्यावरच्या बाइटची. बटणांची नावं कंपनीगणिक बदलतात, रॅम कुठल्या पत्त्यापासून सुरू होते तेही बदलतं, म्हणून किटसोबतचं माहितीपत्रक आधी मागून घ्या. मी इथे रॅम २००० पासून आहे असं धरतो.

पहिला प्रोग्रॅम हा घ्या. २००० वर ३ई, पुढे २५. मग ०६ आणि १७. मग ८०. मग ३२, ५०, २०. शेवटी ७६. एकूण नऊ बाइट. याचा मराठीत अर्थ: ए मध्ये, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, पंचवीस टाक, बी मध्ये सतरा टाक, ए मध्ये बी मिळव, उत्तर २०५० या पत्त्यावर ठेव, थांब. हे बटणांनी भरताना पहिला अडथळा येतो तो पत्त्याचा. २०५० लिहायचं तर आधी ५० आणि मग २०, कारण ८०८५ पत्त्याची खालची बाजू आधी वाचतो. दर वर्गात निम्मी मुलं ते सरळ लिहितात, उत्तर भलत्याच जागी जातं आणि ती २०५० उघडून बसतात. ही चूक होऊ द्यावी. शिक्षकाने आधीच सांगून टाकलं तर मूल ती वाक्य म्हणून पाठ करतं. उत्तर कुठे गेलं ते स्वतः शोधलं की जन्मभर विसरत नाही.

आता प्रोग्रॅम चालवून २०५० उघडा. डोळ्यांना हवे असतात ४२. डिस्प्लेवर दिसतं ३सी. मुलांना वाटतं किट बिघडलं. वास्तविक यंत्राने अगदी बरोबर बेरीज केली आहे, फक्त सोळाच्या पायावर. मग ८० च्या पुढे २७ हा एकच बाइट घाला, म्हणजे 'डीएए' ही सूचना. तिच्यासाठी पुढचे चारही बाइट एकेक घर पुढे सरकवावे लागतात, ते सरकवा. पुन्हा चालवा. ४२. 'डीएए' ची व्याख्या पुस्तकात चार ओळींची आहे आणि ती कुणालाच कळत नाही. खालचा अंक नऊच्या वर गेला किंवा त्यातून हातचा आला तर त्यात सहा मिळव, मग वरच्या अंकाचंही तसंच कर, एवढंच ती करते. ३सी चं ४२ होताना जिने पाहिलं तिला ती व्याख्या पुन्हा वाचावी लागत नाही.

किटवर प्रोग्रॅम भरायचा म्हणजे वीज हवी. मराठवाड्यात भारनियमन ज्यांनी सोसलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. बॅटरीचा आधार नसलेल्या किटवर वीज गेली की रॅममधला प्रोग्रॅम पुसला जातो, आणि चाळीस बाइट पुन्हा भरण्याइतका तास उरत नाही. म्हणून किटइतकंच महत्त्वाचं दुसरं साधन म्हणजे वही.

वहीत पाच रकाने आखा: पत्ता, कोड, लेबल, सूचना, टीप. कोड कोष्टकात बघून हाताने लिहायचे, म्हणजे असेंब्लरचं काम आपणच करायचं. शेवटचा टीपेचा रकाना मराठीत लिहा, असा माझा आग्रह आहे. जर्नलमध्ये इंग्रजीत लिहावं लागतं, ते लिहा. पण स्वतःच्या वहीत 'सी एकने कमी कर, शून्य झालं नसेल तर वर जा' असं लिहिलेलं मूल स्वतःचा प्रोग्रॅम महिन्याभरानेही वाचू शकतं. समोरच्या पानावर दुसरं कोष्टक: प्रत्येक सूचनेनंतर ए, बी, सी, एचएल आणि फ्लॅगमध्ये काय आहे. लातूरच्या आडत दुकानात किर्द लिहिताना जशी प्रत्येक व्यवहारानंतर शिल्लक मांडतात, तशी इथे प्रत्येक सूचनेनंतर शिल्लक मांडायची. एकही ओळ गाळायची नाही.

या कोष्टकाचा उपयोग कुठे होतो त्याचं एक उदाहरण देतो, कारण या जागी दरवर्षी कितीतरी मुलं अडकतात. थोडा वेळ थांबायचा प्रोग्रॅम लिहायचा आहे. बीसी जोडीत एफएफएफएफ भरायचं, 'डीसीएक्स बी' ने एकेक कमी करायचं, शून्य होईपर्यंत 'जेएनझेड' ने मागे जायचं. कागदावर अगदी बिनचूक दिसतं. किटवर मात्र एकतर तो कधीच संपत नाही, नाहीतर पहिल्याच फेरीत बाहेर पडतो. फ्लॅगचा रकाना भरणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं: 'डीसीएक्स' कुठल्याच फ्लॅगला हात लावत नाही. 'जेएनझेड' बघतं तो आधीच्या कुठल्यातरी सूचनेने ठेवून दिलेला शून्याचा फ्लॅग. मग मध्ये दोन सूचना घालाव्या लागतात: सी ला ए मध्ये आणा आणि त्याच्याशी बी चा 'ओआर' करा. आता दोन्ही अर्धे शून्य झाल्यावरच फ्लॅग बदलतो. हिशेबही करून बघा. 'डीसीएक्स' सहा, 'मूव्ह' चार, 'ओआरए' चार, 'जेएनझेड' दहा, अशा चोवीस टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे चोवीस ठोके. तीन मेगाहर्ट्झवर एका फेरीला आठ मायक्रोसेकंद लागतात. ६५,५३५ फेऱ्यांना सुमारे ०.५२ सेकंद. किटवर एलईडी जोडा आणि अर्ध्या सेकंदाची उघडझाप स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहा. सूचना, वेळ आणि वीज यांचा संबंध इतक्या थेटपणे दुसऱ्या कुठल्याही विषयात मी मुलांना दाखवू शकलेलो नाही.

ज्यांना किट मिळत नाही, किंवा आठवड्यातून एकदाच मिळतं, त्यांच्यासाठी सिम्युलेटर. 'ग्नूसिम८०८५' हा श्रीधर रत्नकुमार यांनी २००३ मध्ये विद्यार्थिदशेत लिहायला घेतलेला मुक्त प्रोग्रॅम. तो मोफत आहे आणि साध्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. रजिस्टर, फ्लॅग आणि मेमरी एकाच खिडकीत दिसतात आणि एकेक पाऊल पुढे जाता येतं. घरी कॉम्प्युटर नसेल तर मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालणारे सिम्युलेटरही आहेत, तेही चालतील. एकच पथ्य: आधी वहीत कोष्टक भरायचं, मग सिम्युलेटरशी ताडायचं. उलट केलं तर डोळ्यांसमोरून आकडे सरकतात, डोक्यात काही राहत नाही.

पुस्तकांत पहिलं नाव रमेश गावकर यांचं. अमेरिकेत सिरॅक्यूजजवळच्या ऑनोंडागा कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकवताना त्यांनी ८०८५ वर लिहिलेलं पुस्तक गेली अनेक दशकं भारतभर वापरलं जातं. त्याचं कारण त्यातला क्रम. एक सूचना, तिचं चित्र, तिचा छोटा प्रश्न, मग पुढची सूचना. जाड आहे म्हणून मुलं घाबरतात. मी सांगेन, पहिली दोन प्रकरणं सोडून सूचनांपासून सुरू करा आणि हार्डवेअरकडे नंतर परत या. पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगच्या मुलांनी ८०८६ साठी ए. के. रे आणि के. एम. भुरचंडी यांचं पुस्तक घ्यावं. भुरचंडी सर नागपूरच्या व्हीएनआयटीतले. डग्लस हॉल यांचं पुस्तकही उत्तम आहे, पण सुरुवातीला नको. इंटेलची मूळ वापरपुस्तिका मात्र प्रत्येकाने एकदा तरी उघडावी. तिची इंग्रजी आपल्या गाइडांपेक्षा सोपी आहे, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. वाक्यं लहान, शब्द तेच तेच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ती दोन आठवड्यांत वाचता येते. पार्श्वभूमीसाठी मराठीत वाचायचं असेल तर अच्युत गोडबोले यांचं 'संगणकयुग' आहे. त्यात असेंब्ली शिकवलेली नाही, पण संगणक कुठून कुठे आला ते कळतं.

ऐकून शिकणाऱ्यांसाठी आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने २००३ पासून चालवलेला एनपीटीईएल हा व्याख्यानांचा उपक्रम आहे. खरगपूरचे प्रा. शंतनू चट्टोपाध्याय यांची मायक्रोप्रोसेसरवरची व्याख्यानं शांत, सावकाश आणि फळ्यावर शिकवल्यासारखी आहेत. 'दहा मिनिटांत सर्व प्रोग्रॅम' अशा व्हिडिओंपासून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या भरलेल्या जर्नलच्या पीडीएफपासून लांब राहा. त्यांनी सबमिशन होतं, पण ओरलला एक्स्टर्नलनी एक आकडा बदलला की सगळं उघडं पडतं.

आपल्या भागात मदत कुठे मागायची? नांदेडच्या विष्णुपुरीचं गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतनं आहेत, लातूरला बिडवे अभियांत्रिकी आहे. अकरावी-बारावीच्या शिक्षकांनी या ठिकाणच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांना पत्र लिहून एखादा दिवस प्रयोगशाळा मागावी. आपल्या कपाटातली बंद किटही एकदा बाहेर काढावीत. कितीतरी वेळा बिघाड पॉवर सप्लायमध्ये किंवा एखाद्या बटणात असतो आणि गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस तो तासाभरात काढतो.

८०८५ झाल्यावर पुढे काय, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ८०८६ चा अभ्यासक्रम परीक्षेपुरता नीट करा, पण डॉसच्या इंटरप्टमध्ये फार दिवस घालवू नका. ८०५१ कडे या. १९८० ची ही चिप आणि तिचे वंशज आपल्या अवतीभवती आहेत. माझिदी यांचं पुस्तक त्यासाठी पुरेसं आहे. रात्रीच्या थ्री-फेजच्या पाळीत विहिरीवर न जाता मोटर चालू करणारे मोबाईल स्टार्टर आता शेताशेतात बसले आहेत. अशा डब्यात एक मायक्रोकंट्रोलर असतो आणि त्याला तेच करायचं असतं जे तुम्ही वहीत लिहिलं: बटण दाबलं का ते बघ, थोडं थांब, खरंच दाबलंय ना ते पुन्हा बघ, फेज तिन्ही आहेत का तपास, मग रिले ओढ. हे उदाहरण मी वर्गात मुद्दाम घेतो. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला ते एका वाक्यात पटतं आणि तो त्यातल्या त्रुटी मला सांगायला लागतो.

त्यानंतर रिस्क-फाइव्ह शिका. २०१० मध्ये बर्कलीत सुरू झालेला हा खुला सूचनासंच आहे, वापरायला कुणाचा परवाना लागत नाही. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे भारतीय प्रोसेसर याच संचावर बांधलेले आहेत. मूळ सूचना पन्नासच्या आत. ८०८५ पक्का झालेल्या मुलीला त्या नव्या वाटत नाहीत, रजिस्टर जास्त आणि नियम अधिक सरळ एवढाच फरक. रार्स आणि राइप्स हे त्याचे मोफत सिम्युलेटर. सी भाषा येत असेल तर मॅट गॉडबोल्ट यांचा कंपायलर एक्सप्लोरर उघडा: डावीकडे तुमचं सी, उजवीकडे कंपायलरने केलेली असेंब्ली. बेरजेचं साधं फंक्शन लिहून सुरुवात करा आणि एकेक ओळ ओळखत जा.

पुस्तिकेच्या मांडणीबद्दल एकच खुलासा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सरावाचे प्रश्न आहेत आणि मागे उत्तरंही आहेत, पण उत्तरांत एकही पूर्ण प्रोग्रॅम दिलेला नाही. प्रोग्रॅम थांबल्यावर २०५० आणि पुढच्या पत्त्यांवर काय दिसलं पाहिजे, ए मध्ये काय उरलं पाहिजे आणि कुठला फ्लॅग उभा असला पाहिजे, एवढंच दिलं आहे. काही विद्यार्थ्यांनी आणि एक-दोन सहकाऱ्यांनीही पूर्ण प्रोग्रॅम छापा असं सुचवलं होतं. ते मी ऐकलं नाही. एकाच प्रश्नाला पाच मुलांनी पाच प्रकारे लिहिलेले प्रोग्रॅम किटवर एकच उत्तर देतात, आणि मग कुणाचे बाइट कमी, कुणाचे टी-स्टेट कमी यावर वर्गात वाद सुरू होतो. तो वाद व्हावा म्हणून मागची काही पानं रिकामी सोडली आहेत. तिथे तुमचे प्रोग्रॅम लिहा, बाजूला बाइटांची संख्या लिहा आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना पुस्तिका तशीच द्या.